मनू, तिची आई आणि ढोकीची येळवस

सकाळी साडेसहाच्या लातूर गाडीत मी चढलो तेव्हा माझ्या अंगाखांद्यावर दोन पिशव्या, एक पाण्याची बाटली आणि चौदा महिन्यांची मनू होती. सहा वर्षांची रेवा शर्टाचं टोक धरून मागे. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "बाई मागून येतायत का?"

"नाही, आम्हीच त्यांच्याकडे निघालोय," मी म्हटलं. त्याने पुढचं तिघांचं बाकडं आम्हाला मोकळं करून दिलं. दोन पोरांना एकटा घेऊन निघालेल्या बापाला जगात फार मान असतो. बायकांना तो का मिळत नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

माझी बायको स्वाती गुरांची डॉक्टर. दिवाळी संपली आणि तिच्या हातात सरकारी नेमणुकीची ऑर्डर पडली. गाव धाराशिव जिल्ह्यात, ढोकीजवळ. सात वर्षं जिची वाट पाहिली ती नोकरी. नाही कसं म्हणायचं? मी घरात बसून औषधांच्या खोक्यांवरची चित्रं काढणारा माणूस, त्यामुळे पोरी माझ्याकडे राहिल्या आणि माझ्या सासूबाई मदतीला आल्या. पंधरा दिवसांनी येते म्हणून गेलेली स्वाती लसीकरणाच्या कामात अशी अडकली की दीड महिना तिला पुण्याला येता आलं नाही.

या दीड महिन्यात रोज फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा. "मला ओळखेल ना रे मनू?"

"म्हणजे काय? आई आहेस तू," असं मी ठोकून द्यायचो. खरं सांगायचं तर माझीच खात्री नव्हती. व्हिडिओ कॉल लागला की मनू फोन चाटायची किंवा कार्टून लागत नाही म्हणून तो आपटायची. पलीकडे स्वाती साखरेच्या पाकात घोळलेल्या आवाजात "माझं पिल्लू, माझं सोनू" करत असायची आणि पिल्लू पंख्याकडे बघत असायचं. जाण्याआधी 'आई' म्हणू लागलेली मनू आता तो शब्दच विसरली होती. मला 'बाबा' म्हणायची, आजीला 'बाबा' म्हणायची आणि कचरा न्यायला येणाऱ्या माणसालाही 'बाबा'. तेव्हा हा प्रवास कशासाठी होता हे सांगायला नकोच. मनूला तिची आई दाखवायची होती. पण काय सांगू, खिडकीतून गार वारा आत आला, रेवाने "बाबा, धाराशिव!" म्हणून हडपसरलाच आरोळी ठोकली आणि मलाही शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटू लागलं.

उत्साह इंदापूरपर्यंत टिकला. तिथे रेवाला उलटी झाली. पिशवी मी वेळेवर उघडली, पण चुकीची, म्हणजे कपड्यांची. टेंभुर्णीला गाडीने मुख्य रस्ता सोडला आणि कुर्डूवाडीच्या स्टँडवर मनूचा एक बूट खिडकीतून बाहेर गेला. तो आणायला उतरावं तर पोरी कुणाकडे ठेवायच्या? दुसरा बूट पिशवीत टाकला आणि गप्प बसलो.

बार्शीला एक बाई चढल्या. हिरवं लुगडं, डोक्यावर पाटी, पाटीत कापडाने तोंड बांधलेलं कोरं मडकं. त्या आमच्या शेजारच्या बाकड्यावर टेकल्या आणि मनूला न्याहाळून म्हणाल्या, "लेकरू भुकेलंय."

मनूने दूध नाकारलं होतं, बिस्कीट नाकारलं होतं, सासूबाईंनी डब्यात दिलेली खीर माझ्या शर्टाला चारली होती. बाईंनी गाठोड्यातून भाकरीचा पापुद्रा काढून तिच्या हातात दिला. मनूने तो गंभीरपणे खाऊन टाकला आणि हात पुढे केला.

"कुठं निघालात, दादा?"

"ढोकीला."

"येळवशीला? मीबी म्हायेरीच चालले."

येळवस म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, आणि तसं मी म्हणताच बाईंच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी खरीखुरी दया आली. मग त्यांनी सांगितलं. येळवस (वेळ अमावस्या) मार्गशीर्षातल्या अमावस्येला येते. त्या दिवशी घरातलं सगळं माणूस रानात जातं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप (लहानशी खोपी) करतात, तिच्यात लक्ष्मीची आणि पांडवांची पूजा मांडतात आणि तिथेच जेवतात.

"उंद्या गावात कुत्रंबी सापडायचं न्हाय तुमाला," त्या म्हणाल्या. "ज्याला रान न्हाय त्येला बी कुनी ना कुनी बोलिवतंच. उपाशी कुनी ऱ्हात न्हाय."

येडशीच्या घाटात रस्त्याकडेला वानरांची अख्खी शाळा भरली होती. मनूने सगळ्यांना 'बाबा' म्हणून हाक मारली, तेव्हा गाडीतली माणसं हसली आणि मीही हसलो. घाट संपला आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरली. तूर वाळत आलेली, हरभरा पायाशी, ज्वारीची कणसं नुकती वर आलेली. एवढं मोकळं आभाळ रेवाने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे आमची गाडी अडकली. दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर हेलकावणारा ऊस आणि चालकाच्या डोक्याशी मोठमोठ्याने वाजणारी गाणी. एका ट्रॉलीतून ऊस ओढून घ्यायचा म्हणून रेवा खिडकीतून निम्मी बाहेर गेली. तिचा फ्रॉक बाईंनी धरला, मी नव्हे.

ढोकीला उतरलो तेव्हा हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास भरला होता. स्वाती समोरच उभी होती. वाळली होती, उन्हाने काळवंडली होती, आणि मला एकदम आमच्या लग्नाआधीचे दिवस आठवले. रेवा धावत जाऊन तिला बिलगली. स्वातीने रेवाला एका हाताने कवटाळलं आणि दुसरा हात मनूपुढे केला.

मनूने तिच्याकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं. मग तोंड फिरवून माझ्या मानेत खुपसलं.

"दमलीय गं ती," मी म्हटलं.

"हो, दमलीच असणार," स्वाती म्हणाली आणि दोन्ही पिशव्या उचलून पुढे चालू लागली. तिचा चेहरा मला दिसू नये म्हणून ती पुढे चालत होती, हे न कळण्याइतका मी बावळट नाही.

तिच्या दोन खोल्यांत तिने जय्यत तयारी केली होती. खुळखुळा, लाल फ्रॉक, बोलणारा पोपट, जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या. संध्याकाळभर ती मनूपुढे रांगली, टाळ्या वाजवल्या, "माझ्या शोनूला आईकडे यायचंय ना?" करून घसा कोरडा केला. मनू खुळखुळा घ्यायची आणि माझ्याकडे परत यायची. स्वातीने उचलायचा प्रयत्न केला की धनुष्यासारखी मागे वाकून किंचाळायची. तिसऱ्यांदा असं झाल्यावर स्वाती म्हणाली, "राहू दे. तिची चूक नाही. जी सोडून गेली तिच्याकडे ती कशाला येईल?"

मी पोळ्या लाटायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी येळवस. सकाळी चहा पिताना स्वाती जरा चाचरत म्हणाली, "एक गोंधळ झालाय. आपल्याला आज तीन ठिकाणी जेवायला जायचंय."

झालं होतं असं. आमच्या पुण्यात 'या एकदा घरी' याचा अर्थ 'आता निघा' असा असतो. ऐकणाराही 'येतो की' म्हणतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. इथे आठवडाभर ज्याने त्याने "येळवशीला रानात यायचं बरं का, डॉक्टरीणबाई" म्हटलं आणि हिने पुणेरी रीतीने प्रत्येकाला हो म्हणून टाकलं. दवाखान्यातल्या शिपायाला हो, डेअरीवाल्यांना हो आणि कौसामावशींनाही हो. मावशींच्या म्हशीचं अडलेलं रेडकू हिने पहिल्याच आठवड्यात सोडवलं होतं. तिघांच्याही घरी आता चार पानं जास्तीची धरलेली होती. येतो म्हणून येळवशीला न जाणं म्हणजे काय, हे तिला काल संध्याकाळी शेजारणीने समजावलं होतं. समजावण्यात दम देण्याचाच भाग अधिक होता.

"मग? सगळीकडे थोडं थोडं खाऊ," मी म्हटलं. किती अडाणी होतो मी.

स्कूटरवर पुढे रेवा उभी, मग स्वाती, मग मी आणि माझ्या पोटाला घट्ट बांधलेली मनू, अशी आमची वरात निघाली. गाव खरोखर ओस होतं. दुकानांच्या फळ्या बंद, पारावर कुणी नाही, एका ओट्यावर एकटी कोंबडी. आणि गाव सोडलं की जत्रा! बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, डोक्यावर दुरड्या घेतलेल्या बायका, घोंगडी पांघरून आंबिलीची घागर नेणारे गडी. जो तो आम्हाला हात करत होता. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही आणि मीही राजकारण्यासारखा सगळ्यांना हात करू लागलो.

शिपायाच्या रानात आम्हाला कोपीसमोर बसवलं. पत्रावळीवर भज्जी पडली, म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि हाताला लागतील त्या पालेभाज्या बेसनात आणि ताकात शिजवलेल्या. सोबत बाजरीचे उंडे (वाफवलेले मुटके), तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि वर तांब्याने वाढलेली आंबील, ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली, आलं-लसणाची, गारेगार. मी तीनदा भज्जी घेतली. घरी डाळीतला कोथिंबिरीचा तुकडा वेचून बाजूला काढणारी रेवा दोन उंडे खाऊन तिसरा मागत होती. तिच्या मागे घास घेऊन फिरण्यात मी घालवलेली पाच वर्षं मला आठवली.

डेअरीवाल्यांच्या रानात पुन्हा तेच सगळं. आता मात्र घास फिरू लागला. "पोट भरलंय" हे वाक्य तिथे कुणाला समजत नव्हतं. स्वाती दोन्हीकडे मनूला घ्यायला बघत होती. बोरं दाखवली, वासरू दाखवलं, आंब्याच्या फांदीला बांधलेला झोका दाखवला. मनू वासराकडे गेली, डेअरीवाल्यांच्या सुनेकडेही हसत गेली. आईकडे नाही. तेव्हा स्वातीचा चेहरा पाहवेना. मी मनूवर चिडलो, आणि चौदा महिन्यांच्या पोरीवर चिडल्याची लाजही वाटली.

कौसामावशींच्या रानात पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. मावशी साठीच्या, उंच, बोलण्याची घाई नसलेल्या. त्यांनी आमच्याकडे एक नजर टाकली. "दोन ठिकानी जेवून आलाव न्हवं? तोंडावरच दिसतंय. बसा वाईच. घाई न्हाय, पर खाल्ल्याबिगर सोडनार न्हाय."

घोंगडीवर आम्ही टेकलो. स्वातीने पुन्हा गोळीची चांदी उलगडली, पुन्हा तो मध गळणारा आवाज काढला. मनूने गोळी घेतली आणि माझ्या मांडीत परत आली. मावशी भज्जी ढवळता ढवळता हे बघत होत्या.

"किती दिसांनी भेटताव लेकराला?" त्यांनी विचारलं.

"दीड महिना झाला, मावशी. ओळखतच नाही मला," स्वाती म्हणाली. भज्जीचं पातेलं उतरवायला मावशींनी तिला हाक मारली आणि कामाला लावलं.

या सगळ्यात रेवाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझं असायला हवं होतं. ती बोरं वेचत वेचत बांधापलीकडे गेली होती. तिकडे कठडा नसलेली जुनी विहीर होती. काठावर एक बोरीचं झाड वाकलं होतं आणि रेवा त्याच्या फांदीला लोंबकळायच्या बेतात होती. मी मनूला घेऊन उठेपर्यंत स्वातीने पाहिलं.

"रेवा! एक पाऊल पुढे टाकलंस तर तंगडं मोडीन! मागे हो आधी. मागे! कितीदा सांगायचं तुला? एकदा सांगून कळत नाही, दोनदा सांगून कळत नाही. कान कुठे ठेवून आलीस?"

रेवा जागच्या जागी थिजली. स्वाती तिच्यापर्यंत धावली, दंड धरून तिला चांगली दहा पावलं मागे ओढून आणली आणि मग जो पट्टा सुटला तो सुटलाच. विहिरीवरून गाडी चपलांवर गेली, चपलांवरून पुस्तकांवर, पुस्तकांवरून दात न घासण्यावर. हा आवाज दीड महिना आमच्या घरात नव्हता. तो मला इतका आवडतो हे मला माहीतच नव्हतं. आणि माझ्या खांद्यावर मनूने मान वर केली.

तिने आवाजाच्या दिशेने पाहिलं. कपाळाला आठी घातली. मग माझ्या छातीवर दोन्ही हात टेकून स्वतःला खाली ढकलू लागली. मी तिला ढेकळांत उभी केली. नुकती चालायला शिकलेली पोर, ती दोनदा पडली, दोनदा उठली. मी हाक मारणार तोच मावशींनी हात वर करून मला गप्प केलं.

मनू स्वातीपर्यंत पोचली. स्वातीची तिच्याकडे पाठ होती. मनूने तिचा कुडता मुठीत धरला, स्वतःला सावरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट रेवाकडे रोखून, आपल्या भाषेत, अगदी आईच्याच चालीवर, रेवाला रागवायला सुरुवात केली.

स्वाती वाक्याच्या मधोमध थांबली. मग घरी नेहमी करायची तेच तिने केलं. न बघता खाली वाकून एका हाताने मनूला उचललं, कमरेवर टाकलं, "तू गप गं, मोठी आलीस," असं तिला म्हणाली आणि रेवाचं उरलेलं भाषण पुरं केलं. मनूने तिच्या खांद्यावर गाल टेकवला आणि स्पष्ट म्हणाली, "आई."

भाषण संपलं आणि स्वाती कोपीमागे गेली. मनू कमरेवरच होती. स्वाती तिथे ढसाढसा रडली. मी लांब उभा राहून ज्वारी पाहत असल्याचं सोंग करत होतो, पण मलाही कणसं धूसर दिसत होती. रेवा माझा हात धरून म्हणाली, "बाबा, मला ओरडा बसला आणि तुम्ही सगळे का रडताय?"

मावशी पत्रावळी मांडत होत्या. स्वाती परत आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ग्वाड तर पाव्हनंबी बोलतंय, डॉक्टरीणबाई. रागवायला घरचंच मानूस लागतंय. लेकराला काय कळत न्हाय व्हय?"

त्या तिसऱ्या जेवणाचं काय सांगू? पोटात जागा नव्हती आणि मी चार उंडे खाल्ले. मनू आईच्या मांडीवर बसून आंबिलीत मनगटापर्यंत हात बुडवत होती आणि प्रत्येक वेळी "अगं, सांडतेस कशी!" ऐकून खूश होत होती. जेवण झाल्यावर मावशींचे मालक आंबिलीचं मडकं घेऊन पिकात शिरले. पळसाच्या पानाने आंबील शिंपडत, "ओलगे, ओलगे" असं पुकारत रानाला फेरी घालायची असते. आम्ही सगळे मागून. रेवाने तर पुकारून पुकारून घसा बसवून घेतला. दिवस मावळताना मनूला कमरेवर घेतलेली स्वाती हरभऱ्यातून चालत होती आणि मी बांधावर उभा राहून त्या दोघींना पोटभर बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. पुण्यात आल्यावर लोकांनी विचारलं, तिकडे काय काय पाहिलं? परंड्याचा किल्ला पाहिला का? नाही पाहिला. एक दिवसाचा प्रवास करून आम्ही तीन शेतं पाहिली आणि एक भांडण ऐकलं. पण इतकं भरून पावल्यासारखं मला कुठल्याच प्रवासात वाटलेलं नाही.

खरं तर ते भरून पावणं ढोकीच्या स्टँडवरच जड जाऊ लागलं होतं. गाडी लागली. मी रेवाला चढवलं, पिशव्या चढवल्या आणि हात पुढे केला. मनूने आईची ओढणी दोन्ही मुठींत धरली होती. कंडक्टरने घंटी मारली. स्वातीने एकेक बोट सोडवलं आणि मनूला माझ्याकडे दिलं. मनूने असा टाहो फोडला की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस उठून बसला.

गाडी सुटली. सगळी गाडी कामाला लागली. कुणी बिस्कीट दिलं, कुणी किल्ल्या वाजवल्या, एका आजोबांनी टोपी काढून दाखवली. मनू खिडकीकडे हात करून "आई, आई" म्हणत होती. रेवा गंभीरपणे म्हणाली, "बाबा, आता हिला चांगलं ओळखायला येतंय."

येडशी यायच्या आधी फोन वाजला. "थांबली का रे रडायची?" स्वातीने विचारलं.

अशा वेळी मी खोटं बोलतो. दीड महिना मी तेच केलं होतं. जेवली का, जेवली. झोपली का, झोपली. 'थांबली' हा शब्द जिभेवर आलाही होता.

"नाही," मी म्हटलं. "आई आई चाललंय अजून."

मनूने आणखी वरचा सूर लावला. "ठेवू का फोन?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तिच्या तोंडाजवळ धर."

मी धरला. मनू रडत राहिली, गाडी चालत राहिली आणि घाटात रेंज जाईपर्यंत स्वातीने फोन ठेवला नाही.